२६ इंची एमटीबी (माउंटन बाइक) बदलून २९ घ्यावी का?

प्रश्न असा आला आहे: "कळंब्याला राहतो. उंची ५ फूट ५ इंच, वजन ७२ किलो. २०१० च्या सुमाराला घेतलेली २६ इंची एमटीबी आहे. अॅल्युमिनियमची फ्रेम, पुढे ३ मागे ७ गिअर, व्ही-ब्रेक. रविवारी पन्हाळा, जमलं तर पुढं मसाई पठार, एरवी उसाच्या पाणंदीनं फिरतो. टायर बदलायला गेलो तर दुकानात म्हणाले, २६ आता बंद झालंय, २९ घ्या, ५०-५५ हजारांत चांगली येते. ग्रुपमधले एक दादा म्हणतात, हे सगळं कंपन्यांचं मार्केटिंग, फरक काडीचा नाही. नेमकं खरं काय?"

तुमची सायकल विकू नका. आधी टायर बदला, टायरमधल्या हवेचा दाब बदला, दोन्ही चाकं कुणाकडून तरी नीट ताणून घ्या आणि एक हंगाम चालवून मग ठरवा. हे माझं उत्तर. दुकानदार आणि तुमचे दादा दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे, आणि राहिलेल्या अर्ध्यात तुमचे पन्नास हजार अडकलेत, म्हणून सविस्तर लिहितो. चाकं बांधणं हे माझं रोजचं काम आहे. २६, २७.५ आणि २९ अशा तिन्ही मापांची चाकं हातातून जातात आणि तिन्ही मापांच्या सायकली मी स्वतः पन्हाळ्याच्या बाजूला चालवल्यात.

सुरुवात मापापासून करू. टायरवर मोठ्या अक्षरांत २६, २७.५, २९ लिहिलेलं असतं. त्याच्याजवळच बारीक अक्षरांत ५४-५५९ किंवा ५७-६२२ असा आकडा असतो. खरं माप ते. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथं बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलीमीटरमध्ये. २६ म्हणजे ५५९, २७.५ म्हणजे ५८४, २९ म्हणजे ६२२. आता वजाबाकी करून बघा. २६ ते २७.५ मध्ये फक्त २५ मिलीमीटर, आणि २७.५ ते २९ मध्ये ३८. कागदावर २७.५ मधोमध वाटतं, पण प्रत्यक्षात ते २६ कडे सरकलेलं आहे. "२६ ची चपळाई आणि २९ चा वेग एकाच चाकात" अशा जाहिराती २०१३-१४ मध्ये चालल्या, तेव्हा ही वजाबाकी कुणी छापली नव्हती.

दुकानात यावरून वाद सुरू झाला की मी गिऱ्हाइकाच्या हातात टेप देतो. २६×२.४ चं टायर चढवलेलं एक चाक भिंतीला टेकवून उभं करायचं, शेजारी २७.५×२.० चं, आणि दोन्हींची जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंची मोजायची. पहिली ६८० च्या आसपास भरते, दुसरी ६८५ च्या. पाच मिलीमीटर! म्हणजे २६ ला जाड टायर घातला की बारीक टायरच्या २७.५ शी त्याची जवळपास बरोबरी होते. सायकल कशी चालते हे ठरवताना रिमचा आकडा आणि टायरची जाडी दोन्ही एकत्र धरावी लागतात, आणि दुकानात फक्त पहिल्याची चर्चा होते.

आणखी एक गोष्ट कोल्हापूरकरांना सांगायला मला फार आवडते. आपल्याकडं आजोबांच्या पिढीनं जी काळी २८ इंची सायकल चालवली, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून जी वाड्यावस्त्यांवरनं शहरात यायची, तिच्या रिमचं माप आहे ६३५. आजच्या २९ पेक्षा १३ मिलीमीटर मोठं. मोठं चाक खड्ड्यातनं सुखानं जातं हा शोध २००० सालानंतरचा नाही. रस्ते वाईट आणि सस्पेन्शन नाही, अशा काळात लोक मोठ्या चाकावरच फिरत होते.

आता फरकाचं बोलू, कारण दादांचं "काडीचा फरक नाही" हे मला मान्य नाही. समोर ५ सेंटिमीटर उंचीचा दगड आला, तर चाक त्याला ज्या कोनात भिडतं तो कोन चाक मोठं तसा कमी होतो. २.२५ चं टायर धरून गणित केलं तर २६ ला हा कोन साधारण ३१.६ अंश येतो, २७.५ ला ३१ आणि २९ ला ३०.२. म्हणजे २६ आणि २९ मध्ये दीड अंशाच्या आतबाहेरचा फरक. एका दगडावर हे काहीच नाही. पण मसाई पठारावरचा जांभा तुम्हाला माहीत आहे. सगळी वाट खडबडीत, एक दगड संपतो तोवर दुसरा हजर. तिथं तासभर हा दीड अंश साठत जातो. शिवाय मोठ्या चाकाच्या सायकलीत पायडलचा मधला एक्सल दोन्ही चाकांच्या एक्सलच्या रेषेपेक्षा जास्त खाली असतो, त्यामुळं बसलेला माणूस सायकलच्या आत बसल्यासारखा वाटतो आणि वेगात सायकल कमी डगमगते. पठारावर सपाटीनं जाताना २९ चा हा फायदा मला प्रत्येक वेळी जाणवला आहे. तो जाहिरातीतून आलेला नाही.

पण त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. २९ चं चाक बाहेरून २६ पेक्षा साधारण ९ टक्के मोठं. रिम, टायर, ट्यूब, तारा सगळंच त्या प्रमाणात वाढतं, आणि हे वजन परिघावर असतं, म्हणजे दरवेळी वेग घेताना फिरवावं लागणारं. गिअरही ९ टक्के जड होतो. तुमच्यासारख्या सायकलला बहुतेक वेळा पुढे सगळ्यात लहान चकती २४ दात्यांची आणि मागे सगळ्यात मोठी २८ ची असते. या गिअरवर पायडलचा एक फेरा मारला की २६ ची सायकल सुमारे १ मीटर ८१ सेंटिमीटर पुढं जाते. तेच गिअर २९ ला लावले तर १ मीटर ९८. वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ सुरू झाला की हे १७ सेंटिमीटर प्रत्येक फेऱ्याला तुमच्या मांडीतनं निघतात. म्हणून २९ घेताना मागचं मोठं स्प्रॉकेट ३४ किंवा त्याहून मोठं आहे का हे आधी बघायचं. चांगल्या सायकलींना ते असतं. स्वस्तातल्या सायकलींना पुष्कळदा तोच २८ चा फ्रीव्हील असतो आणि वर २९ चं स्टिकर. तसली सायकल घेऊन चढावर उतरून ढकलणारी माणसं मी बघितली आहेत, आणि ती बिचारी स्वतःच्या पायांना दोष देतात.

चाक बांधणारा म्हणून एक मुद्दा मला इतरांपेक्षा जास्त खुपतो. चाक मोठं झालं की तारा लांब होतात. हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, रुंदी तीच ठेवली तर लांब तारेचा तिरकस कोन कमी होतो आणि चाक बाजूच्या धक्क्याला मऊ पडतं. यावर उपाय म्हणून २०१४-१५ च्या सुमाराला ट्रेक ही सायकल कंपनी आणि स्रॅम ही सुट्या भागांची कंपनी यांनी बूस्ट नावाचा रुंद हब आणला. मागचा एक्सल १४२ वरनं १४८ मिलीमीटर, पुढचा १०० वरनं ११०. मागच्या हबची तारा धरणारी कड दोन्ही बाजूंना ३-३ मिलीमीटर बाहेर. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे, २९ च्या चाकाला त्यानं खरोखर ताठपणा येतो. पण त्याच फटक्यात आधीची सगळी चाकं, हब, चिमटे (पुढचे फोर्क) आणि फ्रेम एकमेकांना न बसणारे झाले. आधी २६ गेलं, मग स्क्यूअरचे, म्हणजे चाक आवळायच्या बारीक दांड्याचे, हब गेले, मग १४२ गेलं. प्रत्येक बदलामागं एखादं खरं कारण होतं आणि प्रत्येक बदलाबरोबर एक अख्खी जुनी सायकल अडगळीत गेली. चाकांच्या मापाचा वाद मला याच ठिकाणी टोचतो. थोडी सुधारणा खरी असते, पण तिच्या जोडीला जुन्याचे सुटे भाग मिळेनासे करणं हे व्यापाराचं काम आहे, शास्त्राचं नाही.

इतिहासात डोकावलं की दिसतं, मापं नेहमी अशीच ठरली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात मरीन काउंटीतली पोरं टॅमल्पायस डोंगराच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवरनं उतारानं जुन्या सायकली हाणायची. त्या सायकली १९३०-४० च्या काळातल्या, श्विन या अमेरिकन कंपनीच्या, आणि श्विननं १९३३ मध्ये अमेरिकेत आणलेला जाड टायर होता २६×२.१२५. डोंगरात टिकेल असा जाड टायर आणि मजबूत रिम त्या एकाच मापात भंगारात मिळत होती, म्हणून २६ आलं. जो ब्रीझनं १९७७ मध्ये खास डोंगरासाठी फ्रेम बांधली तीही २६ चीच. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर ही सायकल आली आणि २६ जगभर पक्कं झालं. कुणी प्रयोगशाळेत बसून २६ निवडलं नव्हतं.

याच काळात इंग्लंडमधल्या जेफ अॅप्सनं मरीनच्याच गॅरी फिशर आणि चार्ली केली यांना फिनलंडच्या नोकिया कंपनीचे बर्फातले जाड टायर पाठवले होते. त्यात ६५०बी म्हणजे आजच्या २७.५ चं माप होतं आणि ७००सी म्हणजे २९ च्या रिमचंही. ते चालायला चांगले आहेत हे त्यांना कळलं होतं. पण फिनलंडहून टायर वेळेवर येईनात, म्हणून ते बाजूला राहिलं. पुरवठा नियमित असता तर कदाचित एमटीबीचा जन्मच २७.५ किंवा २९ वर झाला असता, आणि आज आपण २६ वर वाद घालत बसलो नसतो.

पुढं १९९९ मध्ये डब्ल्यूटीबी या कंपनीनं नॅनोरॅप्टर नावाचा २९ चा खरा जाड टायर काढला, तेव्हा कुठं २९ ला पाय फुटले. गॅरी फिशरच्या नावाच्या ब्रँडनं पुढं २९ च्या सायकली आणल्या. पहिल्या पहिल्या सायकली वळायला जड होत्या, कारण चाक बदललं होतं पण बाकी भूमिती जुनीच होती. चिमट्याचा ऑफसेट (एक्सल किती पुढं काढलाय ते) आणि हेड ट्यूबचा, म्हणजे हँडलखालच्या नळीचा, कोन बदलत गेले तेव्हा २९ सुधारलं. त्या सुरुवातीच्या सायकली चालवून ज्यांनी २९ ला नावं ठेवली, त्यांचं म्हणणं त्या सायकलींपुरतं खरं होतं. आजच्या २९ ला ते लागू होत नाही.

६५०बी परत आणलं कर्क पेसेंटी या फ्रेम आणि टायरवाल्यानं, २००७ मध्ये. पाच वर्षं ते छंदिष्ट लोकांपुरतं राहिलं. २०१२ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्गला स्विस रेसर निनो शुर्टरनं २७.५ च्या चाकांवर वर्ल्ड कप जिंकला आणि बाजाराचे कान टवकारले. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये चेक यारोस्लाव्ह कुल्हावी २९ वर सुवर्ण घेऊन गेला आणि शुर्टर २७.५ वर रौप्य. दीड तासाच्या शर्यतीत दोघांत अंतर एका सेकंदाचं! एवढ्या मोठ्या शर्यतीत दोन वेगळ्या मापांची चाकं एका सेकंदाच्या अंतरानं येतात, यावरनं आपल्यासारख्यानं काय समजायचं ते समजावं. पण पुढच्या दोन-तीन हंगामांत बहुतेक कंपन्यांच्या यादीतनं २६ साफ गायब झालं, आणि जायंटसारख्या मोठ्या कंपनीनं २७.५ ला पूर्ण पाठबळ दिलं. रायडरनं मागणी केली म्हणून २६ गेलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २६ विकायलाच ठेवलं नाही, म्हणून ते गेलं.

गंमत अशी की २७.५ चंही पुढं तेच झालं. खुद्द शुर्टर २०१६ मध्ये रिओला २९ वर उतरला आणि सुवर्ण जिंकला. २०१७ मध्ये ग्रेग मिनारनं फोर्ट विल्यमला २९ वर डाउनहिलचा, म्हणजे नुसत्या उताराच्या शर्यतीचा, वर्ल्ड कप मारला. त्याआधी डाउनहिलवाले २९ ला हसत होते. २०१९ मध्ये यूसीआय या जागतिक सायकल संघटनेनं पुढे २९ मागे २७.५ अशी मिसळ शर्यतीत चालेल असा नियम केला. आज वरच्या दर्जाच्या क्रॉसकंट्री सायकली जवळजवळ सगळ्या २९ च्या आहेत आणि २७.५ लहान मापाच्या फ्रेमपुरतं किंवा मागच्या चाकापुरतं उरत चाललंय. २०१४ मध्ये "हेच भविष्य" म्हणून ज्यांनी महागडी २७.५ घेतली, त्यांना चांगले टायर आणि चिमटे आता शोधावे लागतात. तुम्हाला कुणी "हे माप आता बंद झालं" म्हणून घाई करायला लागलं, तर हे लक्षात असू द्या.

आपल्या गावातली परिस्थिती मात्र वेगळी आहे. शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत साध्या २६ इंची रेंजर पद्धतीच्या सायकली अजून ढिगानं फिरतात. शाळेची पोरं, एमआयडीसीत पाळीला जाणारे कामगार, शेतकरी. त्यामुळं २६×२.१२५ चे टायर-ट्यूब आपल्याकडं लवकर बंद होणार नाहीत. कुठल्याही बाजाराच्या गावात मिळतील. बंद झालंय ते चांगल्या दर्जाचं २६, म्हणजे हलका, मऊ रबराचा, दुमडता येणारा टायर. तोही मॅक्सिस, श्वाल्बे, कॉन्टिनेंटलसारखे मोजके लोक अजून काढतात, फक्त दुकानात ठेवलेला नसतो, मागवावा लागतो. दुकानदारानं "बंद झालं" म्हटलं त्याचा अर्थ बहुधा "मी ठेवत नाही" एवढाच होता.

टायर मागवताना एक सांभाळा. नुसतं "२६ चं द्या" म्हणू नका. बाजारात २६×१⅜ नावाचं टायर मिळतं, ते लेडीज आणि साध्या सायकलींचं, त्याचं रिम ५९० चं. ते तुमच्या ५५९ च्या रिमवर ढिलं पडेल. लोक असले टायर घेऊन येतात आणि रिम खराब आहे म्हणून वाद घालतात. ५५९ हा आकडा वाचूनच पैसे द्या.

आता तुमच्या सायकलचं काय करायचं ते सांगतो. जुन्या रिमची आतली रुंदी बहुधा १७ ते १९ मिलीमीटर असेल. तीवर २.२५ पर्यंतचं टायर नीट बसतं. २.४ चा मोह नको, कमी हवेत वळणावर ते आडवं लोळतं. शिवाय व्ही-ब्रेकच्या, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकच्या, दोन हातांत आणि मागच्या फ्रेममध्ये जागा किती उरते ते मोजा. आपल्याकडं हे फार महत्त्वाचं आहे. पंचगंगेच्या काठच्या मळीच्या काळ्या मातीतनं ऑक्टोबरात गेला असाल तर माहीत असेल. माती टायरला चिकटते, फ्रेमच्या बेचक्यात लगदा बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. टायरच्या दोन्ही बाजूंना निदान बोटभर जागा हवी. याच कारणासाठी "२६ च्या फ्रेममध्ये २७.५ ची चाकं घालून घेऊ का" असं विचारणाऱ्यांना मी नको म्हणतो. व्ही-ब्रेकच्या सायकलमध्ये तर ते जमतच नाही, ब्रेकचे गुटके साडेबारा मिलीमीटर खाली राहतात. डिस्कच्या सायकलमध्ये बारीक टायर घालून कसंबसं बसतं, पण माती जायला जागा उरत नाही.

टायरपेक्षाही हवा मोठी. आपल्याकडं सायकलच्या दुकानात अंगठ्यानं टायर दाबून बघतात, दबलं की आणखी मारतात. गेज लावून बघितलं तर ५०-६० पीएसआय भरलेली असते. डांबरावर ठीक. पण म्हाळुंग्याकडनं मसाईवर चढलात आणि जांभ्याच्या खडकावर आलात की हा टायर प्रत्येक खड्यावरनं उडतो. उडाला की जमीन सुटते, आणि जमीन सुटली की तुमचा जोर वाया जातो. तुमच्या वजनाला २.२५ च्या टायरमध्ये, ट्यूब असताना, पुढे २८ आणि मागे ३२ च्या आसपास ठेवून बघा. जाताना केर्ली-कुशिऱ्याच्या डांबरावर ३८-४० ठेवा, पठारावर पोचल्यावर छोट्या गेजनं सोडा, उतरताना खाली पुन्हा भरा. पहिल्याच फेरीत तुम्हाला वाटेल की सायकल बदलली. बदलली फक्त हवा. मी बऱ्याच लोकांना ५५ पीएसआयची २९ आणि ३० पीएसआयची २६ एकामागून एक पठारावर चालवायला दिल्या आहेत. उतरल्यावर २६ कडेच हात जातो. पुन्हा दोन्हींना सारखी हवा भरली की २९ थोडी पुढं जाते. हा क्रम मनात ठेवला की पैसे कुठं घालायचे ते कळतं.

कमी हवेत दोन धोके आहेत. एक म्हणजे दगडावर ट्यूब रिमला चेपून सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात. दुसरा आपल्याकडचा नेहमीचा, बांधावरचे सराटे आणि बाभळीचे काटे. तुमच्या जुन्या रिमवर ट्यूबलेस करणं मी सुचवणार नाही. त्या रिमची कड त्यासाठी बनवलेली नसते, वळणावर टायर सुटू शकतो. त्याऐवजी मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व असलेली ट्यूब घ्या, आतला पिन काढून सीलंट (भोक बुजवणारं द्रव) भरा. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं, म्हणून पुन्हा भरायला विसरू नका.

चाकं ताणून घ्या म्हटलं, ते कशासाठी तेही सांगतो. कारखान्यात मशीनवर बांधलेल्या चाकाच्या तारा बहुतेक वेळा सैल असतात, आणि वर्षानुवर्षं वापरल्यावर एकीकडच्या घट्ट, दुसरीकडच्या ढिल्या होतात. घरी बघायचं असेल तर सायकल उलटी करा, शेजारशेजारच्या दोन तारा चिमटीत धरून दाबा, असं चाकभर फिरा. मग एकेक तार बोटानं छेडत आवाज ऐका. एकाच बाजूच्या तारांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. मागच्या चाकाला गिअरच्या बाजूचा आवाज उंच असतो, ते बरोबर आहे. पण एखादी तार मध्येच डबडब वाजली तर ती मेलेली आहे, आणि तिचा भार शेजारच्या दोघी उचलतायत. पुढं त्यातलीच एखादी तुटते. नुसती चाकाची आऊट (वाकडेपणा) काढून भागत नाही, ताण सारखा करावा लागतो. चांगलं ताणलेलं २६ चं चाक उतारावर इतकं सरळ जातं की ढिल्या २९ वरचा माणूस त्याच वळणाला ब्रेक मारतो. याच वेळी हबचे छर्रे काढून, ते ज्यावर फिरतात ते कोन (cone) झिजलेत का बघून, नवं ग्रीस भरून घ्या. पावसाळा संपला की हे करायचंच.

या सगळ्याला, टायर चांगले मागवले तरी, नवीन सायकलच्या किमतीचा पाचवा हिस्सासुद्धा लागत नाही.

आणि तरीही एका हंगामानंतर नवीन घ्यावीशी वाटली, तर घ्या. हौसेला मोल नसतं आणि २९ मध्ये काही वाईट नाही. पण मग उंचीचा विचार करा. ५ फूट ५ इंचाच्या माणसाला आजच्या भूमितीची लहान मापाची २९ बसू शकते, पण हँडल उंच येतं, कारण नुसतं चाकच २७.५ पेक्षा साधारण १९ मिलीमीटर वर उचलतं. चढावर पुढचं चाक हलकं पडतं आणि तीव्र उतारावर मागं सरकताना टायर बुडाला घासतो. काही कंपन्या याच कारणानं एकाच मॉडेलला लहान फ्रेममध्ये २७.५ आणि मोठ्या फ्रेममध्ये २९ देतात. त्यांनी हे तुमच्या फायद्याचं केलंय. दुकानदार "२७.५ जुनं झालं" म्हणून मोठ्या फ्रेमची २९ देत असेल तर नाही म्हणा. फ्रेमचं माप आधी, चाकाचं नंतर. तुमची उंची ५ फूट ८ च्या पुढची असती तर मी डोळे झाकून २९ सांगितलं असतं.

५०-५५ हजारांत बघायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. चिमटा हवेचा आहे की स्प्रिंगचा, हवेचा असेल तर तुमच्या वजनाला जुळवता येतो. मागे कॅसेट (हबवर सरकवून बसवलेल्या चकत्या) आहे की जुना, आट्यांनी घट्ट करायचा फ्रीव्हील. ब्रेक हायड्रॉलिक आहेत का. हबला थ्रू-एक्सल, म्हणजे आरपार जाणारा जाड एक्सल, आहे का, आणि तो चालू मापाचा आहे का, नाहीतर पाच वर्षांनी पुन्हा तेच. रिमवर ट्यूबलेसची सोय आहे का. हे सगळं असेल तर २७.५ असो की २९, सायकल चांगली आहे. हे काहीच नसून वर नुसतं २९ लिहिलं असेल, तर ती पंधरा-सोळा किलोची जड सायकल आहे, एवढंच.

विकत घेण्याआधी ती सायकल निदान एकदा खऱ्या वाटेवर चालवू द्या असा आग्रह धरा. दुकानासमोरच्या डांबरावर चार फेऱ्या मारून चाकाच्या मापाचं काहीच कळत नाही. कात्यायनीच्या टेकडीकडचा कच्चा रस्ता तुम्हाला कळंब्याहून जवळ आहे. तिथं तुमची जुनी आणि ही नवीन, दोन्हींना गेज लावून सारखी हवा भरून, एकाच वाटेनं चालवा.

हल्ली ३२ इंचाच्याही बातम्या यायला लागल्यात, रिम ६८६ ची. उंच रेसरना त्याचा फायदा होईलही. तुम्हाला, मला आणि आपल्या पाणंदींना त्याच्याशी काही कर्तव्य नाही.

आता एक करा. दोन्ही टायरच्या बाजूवरचा आकडा, रिमवर छापलेला आकडा आणि मागच्या ब्रेकपाशी टायर आणि फ्रेम यांमधली जागा, या तिन्हींचे जवळून फोटो पाठवा. कुठलं टायर, किती रुंद, पुढं कुठलं आणि मागं कुठलं, ते त्यावरून नेमकं सांगता येईल.